या घरासाठी आठ

मुलांनो, अशी कल्पना करा, की भूकंपाचा आकडा आता सगळ्या गावाला मिळून एक नसतो. प्रत्येक घराचा आकडा वेगळा येतो. जमीन किती हलली यापेक्षा त्या घराला ते हलणं किती बाधलं, हे नवं माप मोजतं.

खडकेवाडीत दुपारी धक्का आला. लोकांना धक्क्यांची इतकी सवय, की महिपत जेवणावरून उठलासुद्धा नाही. त्यानं नुसती आमटीची वाटी धरून ठेवली. भिंतीवरचं यंत्र बोललं, "या घरासाठी आठ. दहाला घर पडेल."

शेजारच्या हौसाकाकू दारात येऊन म्हणाल्या, "आमच्याकडं दोनच आलं, भावजी."

"पत्र्याच्या खोपटाला दोन, आणि माझ्या स्लॅबच्या माडीला आठ?" महिपत हसला. "यंत्राला आमचं बरं बघवत नाही."

"अप्पा, स्लॅब जड आहे आणि खालची भिंत जुनी, मातीत रचलेली," त्याची दहा वर्षांची मुलगी केतकी म्हणाली. "पत्रा हलका असतो. शाळेत बाईंनी करून दाखवलं."

"तुझ्या बाई जन्मायच्या आधीपासून आम्ही धक्के खातोय. गुमान जेव."

आई नदीवर गेली होती. आतल्या खोलीत, त्याच स्लॅबखाली, केतकीचा तान्हा भाऊ झोळीत झोपला होता, आणि झोळी अजून झुलत होती.

केतकीनं हात धुतले. भावाला अलगद उचलून तिनं हौसाकाकूंच्या पत्र्याखाली नेऊन निजवलं. मग ती परत आली, अप्पांच्या पुढ्यातलं भरलं ताट उचललं आणि तेही तिकडेच घेऊन गेली.