दर रविवारी

बॉनेटवरून फिरणारं पॉलिशचं मशीन थांबलं. मधोमध निळ्या रंगाखालचा करडा प्रायमर उघडा पडला होता.

“काका, वर रंगच उरलेला नाही,” पेंटर म्हणाला. “इतकी कोणी घासली गाडी?”

गाडी घेतल्यापासून दर रविवारी पॉलिश लावून, हात भरून येईपर्यंत मोघेकाकाच ती घासत आले होते. दुसऱ्या कुणाला फडकंही लावू दिलं नव्हतं. आणि उद्या लेकीची पाठवणी याच गाडीतून करायची होती.

“नवा रंग द्या मग.”

“उद्यापर्यंत वाळणार नाही, काका.”

करड्या डागावर धूळ बसत होती. काकांनी सवयीने खांद्यावरचं फडकं काढलं, बॉनेटपर्यंत नेलं. पण टेकवायचा धीर होईना.