पट्ट्याच्या वरचा शंख

दगड कापायच्या करवतीचं पाणी बंद करून ताईनं शंखाचे दोन्ही अर्धे फडक्यानं पुसले, उजेडाकडे धरले, आणि ती तशीच उभी राहिली.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली बहीणभावांची ही खोली. दादा कड्यावरून दगड आणायचा, आणि ताई सुईनं टोकरून त्यांतले जीव मोकळे करायची. सव्वीस वर्षं हेच. विद्यार्थी दादाला पाठीमागे 'पट्टेवाला' म्हणत, कारण कड्यातल्या काळ्या पट्ट्याचा विषय निघाला की त्याची गाडी थांबत नसे.

पट्टा जेमतेम वीतभर रुंद. त्याच्या खाली करडा दगड, शिंपल्यांनी, शंखांनी, पोवळ्यांनी असा गच्च भरलेला की बोट ठेवायला जागा नाही. वर तपकिरी दगड, पुरुषभर उंचीपर्यंत साफ रिकामा. हा पट्टा साचला त्या काळात समुद्रातलं जवळजवळ सगळं मेलं होतं. आणि त्या रिकाम्या दगडात, पट्ट्याच्या दोन हात वर, दादाला एकोणीस वर्षांपूर्वी हा शंख सापडला होता. खालच्याच जातीचा. "एक तरी वाचला," असं तो दरवर्षी नव्या वर्गाला सांगे, जसं काही घरच्याच माणसाबद्दल बोलतोय.

त्या एका शंखापायी खाणवाल्यांना कुंपणाबाहेर थांबावं लागलं होतं. आता समितीचं पत्र आलं होतं. शंख कापून आतला फोटो पाठवा, मग कड्याचं कायमचं ठरवू.

"दादा, जरा इकडे ये."

तो चष्मा पुसत आला. "फुटला का?"

"नाही. सरळ कापला गेलाय."

त्यानं दोन्ही अर्धे हातात घेतले. शंख बाहेरून तपकिरी होता. आतून करडा होता. आतल्या दगडात टाचणीच्या डोक्याएवढे शिंपल्यांचे तुकडे आणि पोवळ्यांचा चुरा ठासून भरला होता.

एकमेकांना समजावून सांगायची गरज नव्हती. शंख जिथं मरतो तिथला गाळ त्याच्या पोटात भरतो. याच्या पोटात पट्ट्याखालचा गाळ होता. म्हणजे तो पट्ट्याच्या आधीच मेला होता, आतून दगड झाला होता. पुढं कधीतरी लाटांनी जुना तळ उकरला, तेव्हा हा वाहत येऊन वरच्या चिखलात पडला होता.

दादानं भिंग डोळ्याला लावलं ते बराच वेळ काढलं नाही.

"म्हणजे कोणीच नाही," तो म्हणाला.

"मी चिकटवते," ती म्हणाली. "जोड दिसणार नाही असा चिकटवते. करवत बिघडली म्हणून कळवू. तू चार महिन्यांत निवृत्त होतोयस, पुढचं पुढचे बघतील."

"माझं काही जात नाही गं. कडा जाईल."

"म्हणून तर म्हणतेय."

त्यानं दोन्ही अर्धे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरची बाजू वर, कापलेली बाजू खाली. मग पुन्हा उलटे केले. समितीला फोन त्यानंच लावला. पलीकडच्या माणसाला पटत नसावं. "हो, मीच सांगतोय," दादा म्हणत होता. "नाही, शंका नाही. मी बघितलंय." नंतर त्यानं चहा मागितला आणि त्यावर साय धरेपर्यंत तसाच ठेवला.

दहा दिवसांत कुंपण निघालं. दगड गोळा करायला दोघा बहीणभावांना दोन दिवसांची मुदत मिळाली. दादानं पट्ट्याचा एक तुकडा छिन्नीनं सोडवून आणला, आणि वरच्या तपकिरी दगडाची सात पोती. ताईनं एकेक कपची भिंगाखाली धरली. तिचे डोळे लाल झाले. सातही पोती रिकामी निघाली. एक शिंपला नाही, शिंपल्याची कड नाही.

शुक्रवारी अकराला कड्याकडे सुरुंगाचा भोंगा झाला. मग जमिनीतून एक धक्का आला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि छपराच्या पत्र्यावरून धूळ सांडली. दादा खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. हात गुडघ्यांमध्ये.

"तो शंख तूच साफ केलास," तो म्हणाला. "तेव्हा काही दिसलं होतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. कड्याचं आता काही राहिलं नव्हतं, आणि विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"दिसलं होतं," ताई म्हणाली. "करड्या दगडाचा एक कण. मी सुईनं काढून टाकला. तू इतका खूश होतास त्या दिवशी. गाणं म्हणत आला होतास रे."

दादानं मान हलवली. बाहेर दुसरा भोंगा सुरू झाला. तो संपेपर्यंत तो थांबला.

"तोंडापाशी," तो म्हणाला. "डाव्या कडेला. मोहरीएवढा."

ताईनं वळून बघितलं. कण कुठं होता आणि केवढा होता, हे तिनं त्याला आत्ताही सांगितलं नव्हतं.

"कड्यावरच दिसला होता मला," दादा म्हणाला. "म्हटलं, तू साफ करशीलच."