एकाच घरात राहणारे

मोबाइलवर खऱ्या खेळाडूंचा आपला संघ लावून बक्षिसं जिंकायच्या स्पर्धांना सरकारने नवे नियम लावले. ते लिहिणारा अधिकारी त्या संध्याकाळी आईसमोर चोरासारखा उभा राहिला.

"आई, सोमवारपासून तुझं खेळणं बंद. आमच्या खात्यातल्या माणसासोबत एकाच घरात राहणाऱ्या कोणालाही बंदी आहे."

"अरे, मी पहिल्या नंबरावर आहे! कुणी घातलं हे कलम?"

"मीच."

आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "बक्षिसातून कर कापता, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. आण इकडे तो कागद."

तिने कलम दोनदा वाचलं, कागद घडी घालून परत दिला आणि गुमान ओटा पुसायला लागली. त्याचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी तो घरी आला, तर दाराशी आईची बॅग भरलेली.

"मावशीकडे चालले. 'एकाच घरात राहणारे' असंच लिहिलंयस ना? अंतिम सामना झाला की येते. भाजी फ्रिजमध्ये आहे."

पाच वकिलांनी तीन महिने ते कलम तपासलं होतं. एकालाही ही पळवाट सापडली नव्हती.

आईला बसमध्ये बसवून तो हसतच परतला आणि लगेच दुरुस्ती लिहायला बसला. 'एकाच घरात राहणारे' खोडून त्याने 'जवळचे नातेवाईक' असं केलं. मग 'कधीपासून लागू' यापुढे अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घातली.