तिसरी फेरी

गाडी तिसऱ्या फेरीत पुन्हा अडकली. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी गोठलं आणि मंजिरीने तोंडावर हात दाबून किंकाळी आत ढकलली. पाळण्यात दहा महिन्यांची आर्या झोपली होती. दुपारच्या या एका तासात मंजिरी कुणाची आई नसायची, कुणाची सून नसायची. नुसती ड्रायव्हर असायची. पण दिवाळीपासून तिची एकही शर्यत पुरी झाली नव्हती.

नवऱ्याने, जयेशने, निकाल देऊन टाकला होता. "अगं, अपग्रेड करून टाकू. नवीन मदरबोर्ड, नवीन कार्ड, सगळं. हा डब्बा बंटी घेऊन जाईल." स्नेहलतागंजमधला कॉम्प्युटरचा दुकानदार बंटी काल येऊन बघूनही गेला होता. "भाभीजी, इसमें अब कुछ नहीं बचा," म्हणाला होता. आज पाचला तो रिक्षा घेऊन येणार होता.

मंजिरी हो म्हणाली होती, पण मनातून नाही. लग्नाआधी माहेरी, हातोदला, चार वर्षं शिकवण्या घेऊन तिने हा कॉम्प्युटर घेतला होता. सासरी येताना दागिन्यांचा डबा भावाकडे दिला होता आणि मॉनिटर स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती.

तिने बटणाकडे हात नेला.

"बंद नको करू."

दारात नाना उभे होते, तिचे सासरे. मंजिरी दचकली. नाना दिवसभर बाहेर ओट्यावर बसत. या खोलीत कधीच येत नसत. कापडगिरणीत ते जॉबर होते, चोवीस मागांची देखभाल त्यांच्याकडे. नऊ वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली. मशीन जुनी झाली, असं कारण सांगितलं गेलं. त्या दिवशी नाना घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "माझं एकही मशीन जुनं नव्हतं." त्यानंतर त्यांनी घरातल्या कुठल्याच मशीनला हात लावला नाही. मिक्सर बिघडला तर तो बाहेर जायचा. शिलाई मशीनचा पट्टा उतरला तर शेजारच्यांना हाक मारायची.

"याचा पंखा रडतोय," नाना म्हणाले. "आधी बरा फिरतो, मग जड होतो, मग तुझी गाडी थांबते. तू गेमचा आवाज बंद ठेवतेस ना, बाहेर सगळं ऐकू येतं."

"रोज ऐकता? मग बोलला नाहीत ते!"

"मला कोण विचारतंय? तो बंटी आहे ना तुमचा, मोठा इंजिनीअर." नाना एक पाऊल आत आले. "दिवाळीच्या आधी नीट चालत होतं?"

"एकदम मस्त."

नानांनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गल्लीत रजया भरणाऱ्याचं दुकान होतं. थंडी लागली की त्याचं रुई पिंजायचं मशीन सकाळपासून सुरू. आत्ता तो जेवायला गेला होता, म्हणून गल्ली शांत होती.

"तार काढ. आणि पेचकस दे."

स्क्रू सुटले, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण निघालं. आतल्या छोट्या पंख्यावर पांढरी, मऊ गादी बसली होती. नानांनी ती दोन बोटांनी अलगद उचलली. बोटं आपोआप फिरली आणि त्या कापसाचं बारीक सूत निघालं. नाना त्या सुताकडे पाहतच राहिले.

"कापूस आहे, बेटा," ते म्हणाले. "आमच्याकडे शिफ्ट संपली की आधी हा झाडायचा, मग घरी जायचं."

घरात साधा ब्रश मिळेना. मंजिरीने आर्याच्या जावळाचा मऊ ब्रश आणून दिला. नानांनी एकेक पातं पुसलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, कान लावून पंखा फिरवून पाहिला. मग मान हलवली.

पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीच्या वळणावर मंजिरीने श्वास रोखला. गाडी वळली, सुटली आणि रेघेपार गेली! या वेळी किंकाळी आत राहिली नाही. आर्या उठली, भोकाड पसरायला तोंड उघडलं, पण आई नाचतेय बघून हसायलाच लागली.

"आता तुम्ही," मंजिरी खुर्चीवरून उठली.

"मी? चल, हट!"

पाच वाजता जयेश बंटीला घेऊन आला आणि दारातच थबकला. नाना खुर्चीच्या टोकावर बसले होते, जीभ दातांत धरून. मांडीवर आर्या कीबोर्डवर थपडा मारत होती. गाडी खड्ड्यातून झाडावर आणि झाडावरून खड्ड्यात जात होती. मंजिरी मागून ओरडत होती, "डावीकडे, नाना! अहो, तुमची डावी!"

बंटीने तारेकडे हात नेला.

"ए भिया, हात नको लावू," नाना मान न वळवता म्हणाले. "शेवटची फेरी आहे."

सगळे थांबले. नानांची गाडी रेघेपाशी पोचली तेव्हा बाकीच्या गाड्या कधीच पोचल्या होत्या. मंजिरीपेक्षा त्यांना कितीतरी जास्त वेळ लागला होता.

जयेशने उघडा डबा पाहिला, जावळाचा ब्रश पाहिला. मग वडिलांची तेलाने माखलेली बोटं पाहिली. त्याचा आवाज जरा बारीक झाला. "नाना, तुम्हीच सांगा. हे ठेवायचं, की नवीन घ्यायचं?"

नानांनी सुनेकडे तिरकं पाहिलं. मग डब्यावर हात ठेवला. मिशीतलं हसू काही केल्या दबेना.

"मी नाही हरलो," ते म्हणाले. "मशीन जुनं झालंय."