मानेवरची चार बोटं

नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे गांगुर्डे सर दर वर्षी पहिल्या तासाला कॉलर खाली ओढून वर्गाकडे पाठ करत. मानेवर जन्मापासूनचे चार तांबूस डाग होते, ओळीने, बोटांसारखे.

“आई म्हणायची, पोटात माझा जुळा भाऊ होता, त्यानं धरून ठेवलं होतं,” सर सांगत. “आईशी कोण वाद घालणार? पण हात असता तर अंगठाही असता. अंगठा नाही, म्हणजे हात नाही. गर्भात जे उमटतं, ते जन्मभर जागचं हलत नाही.”

वर्ग हसे. त्र्याऐंशी सालीही हसला. सर समाधानाने वळले.

पहिल्या बाकावरची निफाडची लंका तेवढी हसली नाही. ती सरांच्या गळ्याकडे बघत होती.

“सर, अंगठा हाय. पुढून हाय.”

“सकाळीच आरशासमोर दाढी केलीय मी, बाई. असता तर दिसला असता.”

“मगाशी मलापण नव्हता दिसला.”

सरांनी हसत कॉलरचं बटण लावायला घेतलं. रोजचंच बटण, पण ते काजापर्यंत पोचेना. कॉलर आणि गळा यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि ते उबदार होतं.