बाबांच्या गणितातले दोन तास

बाबा वर्षफळं मांडायचे. जन्मवेळी सूर्य होता तिथे तो परत आला की माणसाचं नवं वर्ष लागतं, असं सांगत. माझा तो क्षण काढून दरवर्षी नेमका तेव्हाच फोन करत. त्यांच्या जुन्या सारणीतलं वर्ष जरासं मोठं होतं. दरवर्षीची दोन-चार मिनिटं साठून माझ्या चाळिशीपर्यंत कॉम्प्युटरशी दोन तासांचा फरक पडला. “बाबा, तुमचा सूर्य रेंगाळतो,” मी चिडवायचे. “रेंगाळू दे. येतो ना?” यंदा बाबा नव्हते. त्यांच्या टेबलाशी बसून मी कॉम्प्युटरने दिलेली वेळ टळताना पाहिली. फोन वाजला नाही. “लागलं ना वर्ष? चल जेवायला,” आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. “बाबांच्या गणिताने दोन तास आहेत अजून. ज्या वर्षात ते होते, ते वर्ष संपलेलं नाही.” गॅस बंद झाला. आई शेजारी येऊन बसली, फोनकडे तोंड करून.