पडद्यावरचा खळगा

कन्या माळावर उभी राहून दूरध्वनीवरून एकेका बिंदूची उंची सांगत होती आणि वृद्ध वास्तुशिल्पी ते आकडे संगणकात भरत होते. पडद्यावर त्या भूमीची वक्र जाळी संथपणे साकारत होती.

जाळीच्या मध्यभागी एक खळगा पडला.

"बाळ, तू उभी आहेस तिथे जमीन खचली आहे का?"

"नाही हो बाबा, तळहातासारखी सपाट आहे. चष्मा पुसा जरा."

त्यांनी चष्मा पुसला आणि आकडे पुन्हा पडताळले. आकड्यांत दोष नव्हता. त्यांनी स्वहस्ते तेवढी जागा समतल केली, तेव्हा खळगा अधिकच खोल झाला.

"दहा पावले उजवीकडे सरक पाहू."

ती सरकली. पडद्यावर खळगाही तेवढाच सरकला. आता तो पुरुषभर खोल होता.

"मोजणी राहू दे. गाडीत जाऊन बस," ते शक्य तितक्या शांत स्वरात म्हणाले.

"बरं, निघाले." काही क्षण तिची पावले ऐकू आली. मग ती थांबली.

"बाबा, फोन तर माझ्या कानाशीच आहे. मग तुमचा आवाज वरून का येतोय?"